रिकामी टाकी आणि वॉरिंग्टन बापलेक

गेल्या वर्षी जून महिन्यात मी एका आठवड्यात नऊ मासे मारले. मुद्दाम नाही, पण मारले हे खरं.

झालं असं, की नवीन फ्लॅटमध्ये हॉलची एक भिंत रिकामी होती आणि माझ्या डोक्यात सिक्लिड घुसला होता. (पहिले पंधरा दिवस मी त्याला 'सिचलिड' म्हणत होतो. दुकानदारही तेच म्हणत होता, त्यामुळे आमचं छान जमलं.) आफ्रिकेतल्या मालावी सरोवरातले हे मासे म्हणजे गोड्या पाण्यातले असूनही समुद्री माशांसारखे रंगीत. हळदीसारखे पिवळे, शाईसारखे निळे, जांभळे, पट्टेवाले. विकांताला जालावर शोधाशोध करून मी सगळी तयारी केली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी, म्हणजे सुमारे २५० लिटर. तळाला थर्माकोलचा तक्ता, त्यावर आपला काळा पाषाण रचून केलेल्या कपारी, वर पोवळ्याची वाळू. कारण मालावीचं पाणी जड आणि अल्कधर्मी असतं आणि पुण्याचं धरणाचं पाणी पडलं मऊ. वाळूनं पीएच ८.२ वर गेला. मी कागदाची पट्टी बुडवून बघितला आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

शनिवारी टाकी भरली. पाण्यातला क्लोरीन जावा म्हणून बाटलीतलं औषध टाकलं. रविवारी 'मालावी मिक्स' नावाखाली चौदा मासे आणले. सोमवारी ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवले. बुधवारी मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन धापा टाकायला लागले. पुढच्या शनिवारपर्यंत नऊ गेले. पाणी मात्र आरशासारखं स्वच्छ होतं! दुकानदार म्हणाला, "होतं साहेब, पहिल्यांदा जातातच थोडे. नवीन घेऊन जा." उरलेले पाच मी त्याला परत दिले, फुकट.

त्या रात्री घरी फोन केला. आई म्हणाली, "मुक्या जिवांना कशाला आणून मारतोस रे?" मग बाबांनी फोन घेतला आणि एकच प्रश्न विचारला.

"अमोनिया किती होता?"

"मोजला नाही."

"मग कशाच्या जिवावर मासे सोडलेस?"

बाबांना मासे पाळण्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. पण त्यांची सगळी नोकरी महापालिकेच्या मैलाशुद्धीकरण केंद्रावर गेली. आता खरं सांगायचं तर ही गोष्ट मी कॉलेजात कधी कुणाला सांगितली नव्हती. 'बाबा कॉर्पोरेशनमध्ये आहेत' इथवर येऊन मी विषय बदलायचो. ते तिथे नेमकं काय करतात हे मी बावीस वर्षं विचारलं नाही. आणि आता माझ्या हॉलमधल्या, जवळजवळ पस्तीस हजार रुपयांच्या शोभेच्या वस्तूचं काय चुकलं ते त्यांना फोनवर, न बघता कळलं होतं.

त्यानंतरचे काही विकांत मी या प्रश्नाच्या मागे घालवले. त्यातून जी गोष्ट हाती लागली ती मला इतकी आवडली, की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर मंडळी, चला १८४९ सालच्या लंडनला.

रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनशास्त्रज्ञ. जन्म १८०७ चा. लंडनची केमिकल सोसायटी १८४१ मध्ये उभी राहिली, तिच्या उभारणीत यांचा मोठा वाटा. औषधं बनवणाऱ्यांच्या संस्थेत, अपॉथिकरीज हॉलमध्ये, ते नोकरीला होते. त्यांनी १२ गॅलनच्या (म्हणजे साधारण ५४ लिटरच्या) काचेच्या भांड्यात वाळू, माती, दगड घातले, व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती लावली आणि दोन छोटे गोल्डफिश सोडले. डोक्यात हिशोब असा: मासे प्राणवायू घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. उजेडात वनस्पती नेमकं उलटं करते. म्हणजे दोघांचं जमलं तर पाणी बदलायची गरजच नाही.

सुरुवातीला जमलं. मग झाडाची जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवट थर चढला. वॉरिंग्टननी त्यात पाच-सहा गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पानं खाल्ली, गोगलगाईंची अंडी माशांनी खाल्ली, आणि चक्र पूर्ण झालं. १८५० मध्ये त्यांनी हा प्रयोग केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापला.

काचेच्या टाकीत जलचर ठेवणारे ते पहिले नव्हेत. सिसिलीमध्ये जान विल्प्रो-पॉवर नावाच्या बाईंनी १८३० च्या दशकातच समुद्री जिवांच्या अभ्यासासाठी काचेच्या पेट्या केल्या होत्या. पण 'टाकी आपली आपण चालू शकते' ही कल्पना लोकांच्या डोक्यात बसवली ती वॉरिंग्टन यांनी. वेळही अगदी जुळून आली होती. ब्रिटनमधला काचेवरचा कर १८४५ मध्ये रद्द झाला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉसचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि हा शब्द घरोघरी गेला. पुढची काही वर्षं मध्यमवर्गीय इंग्रजांच्या दिवाणखान्यात टाकी असणं म्हणजे, आपल्याकडे मधल्या काळात फ्लॅट टीव्ही असणं होतं तसं. मग एकेकाच्या घरात माझ्यासारखे प्रकार झाले, घरभर वास सुटला, आणि १८६० च्या दशकात ती लाट ओसरली.

याचं कारण, वॉरिंग्टन यांचा सिद्धांत अर्धाच खरा होता.

मासा फक्त श्वास घेत नाही, तो खातो. खाल्लेल्या प्रथिनांतला नको असलेला नायट्रोजन तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात सोडतो. त्यात उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजून आणखी अमोनिया तयार होतो. हा अमोनिया रंगहीन. पाणी आरशासारखं दिसतं आणि विषारी असतं. ५४ लिटरमध्ये दोन छोटे गोल्डफिश आणि भरपूर झाडं असतील तर हा प्रश्न उद्भवतच नाही. झाडं थोडा अमोनिया खाऊन टाकतात आणि बाकीचं काम कोण करतं हे कुणी विचारत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर, दोन युजरवर टेस्ट करून कोड लाइव्ह टाकला होता.

आणि मग आले सिक्लिड.

सिक्लिड हे माशांचं एक अवाढव्य कुटुंब आहे. आफ्रिका, दक्षिण आणि मध्य अमेरिका, मादागास्कर आणि आपल्याकडेही. युरोपातल्या हौशी लोकांच्या टाकीत ते १८९० च्या दशकापासून येऊ लागले. सुरुवातीच्यांपैकी एक होता चँचिटो, दक्षिण अमेरिकेतला. गंमत म्हणजे हा मासा डार्विननं बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केला होता आणि लेनर्ड जेनिन्सनं १८४२ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. या माशानं पाळणाऱ्यांना लगेचच दाखवून दिलं, की सिक्लिड म्हणजे गोल्डफिश नव्हे. तो घर करतो, पोरं सांभाळतो, आणि त्यासाठी टाकीतली वाळू उकरून झाडं मुळासकट उपटून टाकतो. संतुलित टाकीची एक बाजू म्हणजे झाडं. ती बाजूच हा प्राणी उखडतो.

मालावीचे मासे याच्याही पुढचे. लिव्हिंग्स्टन १८५९ मध्ये या सरोवराला पोचला. त्याच्या मोहिमेतल्या डॉ. जॉन कर्कनं गोळा केलेल्या माशांचं वर्णन ब्रिटिश म्युझियमच्या गुंथरनं १८६४ मध्ये छापलं. त्यानंतर शंभर वर्षं ते बाटल्यांत, अल्कोहोलमध्ये राहिले. १९५० च्या दशकात जेफ्री फ्रायर नावाच्या जीवशास्त्रज्ञानं सरोवराच्या खडकाळ किनाऱ्यावर मुक्काम ठोकून तिथल्या माशांचा अभ्यास केला. त्या माशांना स्थानिक टोंगा भाषेत म्हणतात म्बुना, म्हणजे खडकातला मासा. माझ्या मेलेल्या नवांपैकी चार ज्या जातीचे होते ती, लॅबिडोक्रोमिस सेरुलियस, फ्रायरनंच १९५६ मध्ये नोंदवली. सेरुलियस म्हणजे निळा. दुकानात मिळतो तो लिंबासारखा पिवळा, कारण नाव देताना समोर निळसर नमुने होते आणि पिवळी जात नंतर लोकांच्या नजरेत आली. नाव बदलायची सोय शास्त्रात नाही. (व्हेरिएबलला चुकीचं नाव दिलं की काय होतं ते आम्हाला विचारा.)

१९६० च्या दशकात म्बुना विमानानं युरोप-अमेरिकेत जाऊ लागले. आणि पाळणाऱ्यांना एक विचित्र गोष्ट कळली. म्बुनाचा नर खडकाचा एक तुकडा, त्यावरच्या शेवाळासकट, आपला मानतो आणि बाकीच्यांना मारून हाकलतो. टाकीत हाकललेल्याला जायला जागा नसते. चार-सहाच मासे ठेवले तर दांडगा नर एकेकाला निवडून संपवतो. उपाय काय? दाटी करायची! एका नरामागे तीन-चार माद्या, आणि एकूण मासे इतके, की कुणालाच पूर्ण मालकी सांगता येऊ नये आणि मार एकावर न पडता वाटला जावा. लोकलच्या डब्यासारखं. चेंगराचेंगरीत भांडायलाही हात मोकळा लागतो.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवा. झाडं जवळजवळ नाहीत. मासे दाटीनं. म्हणजे वॉरिंग्टन यांच्या भांड्याच्या कितीतरी पट अमोनिया. आणि तिसरी गोष्ट, जी मला बाबांनी कागदावर मांडून दाखवली: अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आयन आणि दुसरा खरा विषारी वायू. कुठला किती हे पीएच ठरवतो. २५ अंश तापमानाला, पीएच ७ असेल तर विषारी भाग शेकडा अर्ध्याच्या आसपास. पीएच ८.२ ला तोच शेकडा आठ! म्हणजे मी जी पोवळ्याची वाळू मोठ्या कौतुकानं टाकली होती, तिनं विष चौदा-पंधरा पटींनी वाढवलं. वाळू बरोबर होती, दगड बरोबर होते, पीएच सरोवराला शोभेल असा होता. फक्त एक गोष्ट नव्हती, आणि ती दुकानात विकत मिळते असं मला वाटलंही नव्हतं.

ती गोष्ट काय, हे कळायला आपल्याला पॅरिसला जावं लागेल.

१८७७. श्लोझिंग आणि म्युंट्झ नावाचे दोन शास्त्रज्ञ. त्यांना प्रश्न पडला होता गटाराच्या पाण्याचा. अमोनियानं भरलेलं सांडपाणी मातीतून गेलं की त्यातल्या अमोनियाचा नायट्रेट होतो, हे माहीत होतं. पण ही निव्वळ रासायनिक क्रिया आहे की कुणी जिवंत प्राणी ती करतो? त्यांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून सांडपाणी हळूहळू सोडलं. जवळपास वीस दिवस काहीच झालं नाही. अमोनिया जसा वरून गेला तसा खालून आला. मग अचानक नायट्रेट दिसायला लागला, आणि लवकरच अमोनिया नाहीसा झाला. आता त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया बंद! क्लोरोफॉर्म काढून टाकला तरी बंदच. मग बागेतल्या मातीचं थोडं पाणी वरून घातलं, आणि काही दिवसांत गाडी परत सुरू.

रसायनाला भूल चढत नाही. भूल चढते ती जिवंत गोष्टीला. आणि वीस दिवसांची ती वाट म्हणजे त्या जिवांची संख्या वाढायला लागलेला वेळ.

ही बातमी इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात पोचली. तिथल्या एका रसायनशास्त्रज्ञानं लगेच, १८७८ पर्यंत, हे प्रयोग पडताळून पाहिले आणि पुढची अनेक वर्षं त्याचा पिच्छा पुरवला. त्यानं दाखवलं, की काम दोन टप्प्यांत होतं: आधी अमोनियाचा नायट्राइट, मग नायट्राइटचा नायट्रेट, आणि दोन टप्प्यांचे कामगार वेगवेगळे. या शास्त्रज्ञाचं नाव होतं रॉबर्ट वॉरिंग्टन.

हो, तेच नाव. मला आधी वाटलं कुठेतरी तारखांची गफलत आहे. पण हा मुलगा! १८३८ चा जन्म. बापानं काचेच्या भांड्यात गोल्डफिश सोडले तेव्हा हा अकरा वर्षांचा होता. थोरले वॉरिंग्टन १८६७ मध्ये गेले, पॅरिसच्या त्या नळीच्या दहा वर्षं आधी. आपल्या भांड्यातली वाळू आणि दगड ही निव्वळ शोभा नव्हती, खरं काम तिथे चाललं होतं, हे त्यांना कधीच कळलं नाही. मुलगा तर माशांवर काम करतच नव्हता. त्याची चिंता होती शेताची: खतातला नायट्रोजन नायट्रेट होऊन पावसाच्या पाण्याबरोबर वाहून किती जातो. बापाच्या टाकीचं उत्तर मुलाच्या प्रयोगशाळेत होतं, पण मध्ये विषयाची भिंत होती.

धाकट्या वॉरिंग्टनलाही पूर्ण यश मिळालं नाही. हे जीव वेगळे करून शुद्ध स्वरूपात वाढवणं काही केल्या जमेना. तेव्हाची रीत होती जिलेटिनवर जंतू वाढवायची, आणि या जिवांना असलं पौष्टिक खाणं चालतच नाही. हे ओळखलं सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं. त्यानं झुरिकमध्ये १८९० साली सेंद्रिय अन्न काढून टाकलं, फक्त खनिजं आणि अमोनिया दिला, आणि ते जीव वाढले. अमोनिया हेच त्यांचं इंधन.

आता बाबांच्या प्रांतात येऊ. १९१४. मँचेस्टर. अर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी बाटलीत सांडपाणी घेऊन त्यात हवा फुंकत ठेवली. सगळ्या अमोनियाचा नायट्रेट व्हायला पहिल्या खेपेला साधारण पाच आठवडे लागले. कुणीही म्हणालं असतं, हे व्यवहारात काय कामाचं? पण त्यांनी वरचं पाणी ओतून दिलं, तळाचा गाळ तसाच ठेवला, आणि त्याच गाळावर नवीन सांडपाणी घेतलं. असं पुन्हा पुन्हा. दर खेपेला वेळ कमी होत गेला आणि शेवटी तेच काम एका दिवसाच्या आत होऊ लागलं. जगभरातल्या शहरांचं मैलापाणी आज ज्या पद्धतीनं साफ होतं तिचा मोठा भाग या एका युक्तीवर उभा आहे: गाळ फेकू नका. त्यात कामगार आहेत.

"आमच्याकडे नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी हेच सांगायचो," बाबा म्हणाले. "पाणी सांभाळू नकोस. गाळ सांभाळ, पाणी आपोआप सांभाळलं जातं."

हे ते माझ्या हॉलमध्ये, रिकाम्या टाकीसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सांगत होते. कारण फोननंतर दहा दिवसांनी आईबाबा नाशिकहून थेट पुण्याला आले. आईनं सांगितलं, "तुझ्या टाकीपायी यांना झोप नाही." बाबांनी येताना एक दोनशेपानी वही आणली होती. पहिल्या पानावर तारीख, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच असे रकाने पट्टीनं आखलेले.

आम्ही टाकी नव्यानं सुरू केली, मासे न घालता. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, म्हणजे ते कुजून अमोनिया होईल. मग बाबा म्हणाले, "बी पाहिजे." आणि गॅलरीकडे गेले. श्लोझिंगनं केलं तेच, कुंडीतली माती! आई ओरडली, "तुळशीची नको, मोगऱ्याची घ्या." मोगऱ्याच्या कुंडीतली चमचाभर माती पाण्यात ढवळून, गाळून, ते पाणी फिल्टरच्या स्पंजवर ओतलं. (हे करायला मी कुणाला सांगत नाहीये. कुंडीत खत किंवा कीटकनाशक असेल तर भलतंच व्हायचं. ओळखीच्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर तो सगळ्यात उत्तम. जुन्या टाकीचं पाणी आणून मात्र उपयोग नाही, कारण हे जीव पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात.)

रोज रात्री मी ऑफिसातून आलो की आम्ही दोघं टेस्ट किटच्या नळ्या ट्यूबलाइटखाली धरायचो. बाबा रंग बघायचे, मी आकडा लिहायचो. अमोनिया चढत गेला. दहाव्या दिवशी नायट्राइट दिसला. पहिला टप्पा सुरू! मग अमोनिया उतरला आणि नायट्राइट चढतच गेला, इतका, की तक्त्यावरचा सगळ्यात गडद जांभळा रंगही पुरेना. चोविसाव्या दिवसापर्यंत काही हलेना. मी कंटाळलो. रिकाम्या टाकीकडे बघून शेजारचे काका विचारून गेले, "मासे अदृश्य आहेत का?" बाबा शांत. "दुसऱ्या टप्प्याचे लोक उशिरा येतात," एवढंच म्हणाले. सव्विसाव्या दिवशी नायट्राइट पडायला लागला आणि तेहतिसाव्या दिवशी दोन्ही नळ्यांत शून्य. बाबांनी वहीत ती ओळ लाल शाईनं अधोरेखित केली.

त्या तेहतीस संध्याकाळींत मी बाबांना विचारलं ते सगळं, जे बावीस वर्षं विचारलं नव्हतं. रात्रपाळीला हवा फुंकणारा ब्लोअर बंद पडला तर काय करायचात? वासाची सवय होते का? (होते. पण लग्नाकार्याला जायच्या आधी ते दोनदा आंघोळ करायचे, आणि हे मला माहीत होतं, कारण मला त्याचा राग यायचा.) शहरातलं सगळं पाणी जाऊन नदीत पडायच्या आधी ज्या टाक्यांतून फिरतं, तिथे माझा बाप उभा होता, गाळ जिवंत ठेवत. आणि मी सांगायचो, 'कॉर्पोरेशनमध्ये आहेत.'

असो.

या कथेला अजून एक शेपूट आहे. शंभर वर्षं पुस्तकं सांगत आली, की दुसऱ्या टप्प्याचा कामगार म्हणजे नायट्रोबॅक्टर. दुकानात त्याच नावानं बाटल्या विकल्या जायच्या. १९९८ मध्ये टिमथी होवानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांमधले जनुकीय पुरावे तपासले, तर तिथे हे काम करत होता नायट्रोस्पायरा नावाचा वेगळाच जीव. आणि २०१५ मध्ये व्हिएन्ना आणि नेदरलँड्समधल्या दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं, की काही नायट्रोस्पायरा दोन्ही टप्पे एकट्यानं करतात. यातल्या डच गटाला तो जीव मिळाला कुठे? मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये. म्हणजे वॉरिंग्टन बापलेकांचे दोन्ही धागे शेवटी एका माशांच्या टाकीच्या गाळणीत येऊन भेटले.

मासे आणायला गेलो तेव्हा बाबा बरोबर होते. 'मिक्स' नको म्हणून सांगितलं. दहा येलो लॅब, सगळे पिल्लू वयाचे, एकाच दिवशी सोडले, म्हणजे कुणीच आधीचा मालक नाही. आधी दगड थर्माकोलवर पक्के बसवले होते आणि वाळू नंतर, कारण हे मासे दगडाखालची वाळू उकरतात आणि दगड काचेवर येतो. खाणं थोडं आणि शेवाळाचा अंश जास्त असलेलं, कारण यांचं आतडं चरबीसाठी बनलेलं नाही. नायट्रेट काढायला झाडं नाहीत, म्हणून दर रविवारी चौथा हिस्सा पाणी बदलायचं. आणि स्पंज धुवायचा तो त्याच काढलेल्या पाण्यात, नळाखाली कधीच नाही, कारण नळाच्या पाण्यातला क्लोरीन म्हणजे श्लोझिंगचा क्लोरोफॉर्मच. नाही, त्याहून वाईट.

आईला मात्र हे सगळं प्रकरण परदेशी वाटत होतं. मग एका रविवारी मी सिक्लिड कुटुंबातले आपले मासे दाखवले. पहिल्या फोटोलाच ती म्हणाली, "ही तर कालुंदरं!" आई मूळची वेंगुर्ल्याची. लहानपणी खाडीतली कालुंदरं तिनं इतकी खाल्लीत, आणि तो मासा माझ्या टाकीतल्या पिवळ्यांचा लांबचा भाऊबंद आहे. ब्लॉखनं १७९० मध्ये त्याचं वर्णन केलं, नाव दिलं सुरतेवरून. आणि भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाऊन आपण ज्या चिलापीवर ताव मारतो ती तिलापिया, तीही सिक्लिडच, फक्त मूळची आफ्रिकेची. ती १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि जिथे शिरली तिथली मालकीण झाली. म्हणून विनंती, टाकीतला मासा नकोसा झाला तर दुकानात द्या, मित्राला द्या, पण तळ्यात सोडून पुण्य कमवू नका.

आईबाबा नाशिकला परत गेले. वही इथेच आहे. दर रविवारी मी आकडे लिहितो आणि फोनवर वाचून दाखवतो. पलीकडून "हं" येतं. गेल्या महिन्यात एक मादी खाईना, कपारीत जाऊन बसली, जबडा फुगलेला. मी घाबरून व्हिडिओ कॉल लावला. बाबा म्हणाले, "अमोनिया?" म्हटलं, शून्य. "नायट्राइट?" शून्य. मग आईनं फोन घेतला, चष्मा वर करून नीट बघितलं आणि म्हणाली, "अरे वेड्या, तिच्या तोंडात काहीतरी आहे."

अंडी होती. म्बुनाच्या माद्या अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतात, साधारण तीन आठवडे, बहुतेक उपाशीच. तिला मी हात लावलेला नाही. आज सोळावा दिवस. आणि वहीत बाबांच्या सांगण्यावरून एक नवीन रकाना आखलाय.